दादा, दुष्ट नाही... दृष्ट!

एक कबुली देऊन टाकतो. वय वर्षं २९, जन्म पुण्याचा, नोकरी हिंजवडीत, पद टीम लीड, घरी-दारी भाषा मराठी. आणि २०२४ च्या पाडव्यापर्यंत मला मराठी धड वाचता येत नव्हतं!

अगदीच निरक्षर नव्हतो हो. दुकानाच्या पाट्या, बसवरचा रूट, लग्नपत्रिकेतला मुहूर्त, एवढं जमायचं. पण छापील पान समोर आलं की माझा स्पीड संध्याकाळी सातला वाकडच्या पुलावर असतो तेवढा. ज्युनियर केजीपासून इंग्लिश मीडियम. शाळेतलं मराठी गाइडच्या जोरावर काढलं, शेवटचा पेपर दिला आणि विषय संपला. मित्रांशी चॅटिंग रोमन लिपीत, आजीशी बोलणं तोंडी. अडलं कुठं? कुठंच नाही. त्यामुळे हे सिक्रेट वर्षानुवर्षं आरामात टिकलं.

हसू नका. तुमच्या ऑफिसात लंच टेबलवर बसणाऱ्या चार मराठी पोरांना विचारून बघा, शेवटचं मराठी पुस्तक कधी वाचलं? दोघं तरी पटकन विषय बदलतील.

माझं सिक्रेट फुटलं ते एका वाचनालयात. तेही बावीस पोरांसमोर.

आजीचं नाव कमी कर

त्या वर्षी जानेवारीत आई-बाबा ताईच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले, सहा महिन्यांसाठी. घरी मी आणि आजी. आजी तेव्हा ८१ वर्षांची. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात, तो हळूहळू निकामी होतोय. अशा माणसाला कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. आजीला दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते कळत नाही. पेपर हातात असल्याचं दिसतं, पेपरातलं अक्षर दिसत नाही. इथं होती तोपर्यंत आई तिला रोज दुपारी वाचून दाखवायची. आई विमानात बसली आणि ते थांबलं.

मी आपलं सोल्यूशन काढलं. आयटीवाला ना! उशाशी स्पीकर, स्पीकरवर ऑडिओबुक. तीन दिवसांत आजीनं निकाल दिला. "छान वाचतात रे. पण माझा डोळा लागला तरी थांबत नाहीत. आणि मी मध्ये काही म्हटलं तर उत्तर देत नाहीत."

मग ६ एप्रिलच्या शनिवारी सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "ते वाचनालयाचं पुस्तक दोन महिने पडलंय. परत करून ये. आणि हो, माझं नाव कमी कर. उगाच वर्गणी कशाला भरायची?"

कांदे संपलेत म्हणावं तितक्या सहज म्हणाली. आजी त्या वाचनालयाची १९८३ पासूनची सभासद! मी लहान असताना माझं बोट धरून ती तिथं जायची. ती आत पुस्तकं निवडायची आणि मी बाहेर पायरीवर गोट्या खेळायचो. पण मला तरी त्या क्षणी काय सुचावं? मी म्हटलं, "ओके." पुस्तक आणि कार्ड घेतलं आणि निघालो.

चैत्राचा फळा

वाचनालय घरापासून सात मिनिटांवर. खाली पिठाची गिरणी, वर दोन खोल्या. चढायला चौदा पायऱ्या. दारात चपलांचा ढीग, आत लोखंडी कपाटं, कपाटांवर पांढऱ्या रंगानं घातलेले नंबर आणि खालून येणारा ताज्या पिठाचा वास. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. त्याच्यासमोर हे म्हणजे शेंडेफळ. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान. आमचं वाचनालय 'क' वर्गात. स्टाफ म्हणजे ग्रंथपाल काकू आणि अर्धवेळ मदतीला एक कॉलेजचा मुलगा. बास.

दारात एक काळा फळा होता. त्यावर खडूनं, सुंदर वळणदार अक्षरात बरंच काही लिहिलेलं. मी उभा राहून एकेक ओळ सोडवत बसलो.

वसंत महिना. पाडवा ते अक्षय्य तृतीया. सभासद नसलात तरी या.
शनिवार सकाळी १०: गोष्टीचा तास, वय ४ ते १०. आजी-आजोबा चालतील, मोबाइल चालणार नाही.
रविवार सकाळी ९: फाटक्या पुस्तकांचा दवाखाना. सुई-दोरा आम्ही देऊ.
मंगळवार आणि गुरुवार दुपारी ४: ज्येष्ठांसाठी मोबाइलचा वर्ग. शिक्षक: यंदा दहावीला बसलेली मुलं.
२३ एप्रिल सायंकाळी: पुस्तकांची अदलाबदल.
३ मे: चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सर्व बायकांनी यावं, सर्व म्हणजे सर्व. पुरुषांना पन्हं मिळेल.
रोज सायंकाळी ६: अभिवाचन. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी.

शेवटची ओळ वाचून मी उगाचच दचकलो. माझ्याबद्दल यांना कुणी सांगितलं?

एवढं सगळं या दोन खोल्यांत? नंतर कळलं, टेबलं फोल्डिंगची आहेत. सकाळी ती भिंतीला लागतात आणि सतरंजी पसरते, दुपारी टेबलं परत येतात, संध्याकाळी खुर्च्या. आणि वसंतच का? पुण्यात वसंत म्हणजे पारा चाळिशीला, कोकिळेपेक्षा कूलरचा आवाज जास्त! पण परीक्षा उरकलेल्या असतात, शाळांना सुट्टी लागत असते आणि संध्याकाळी जरा वारं सुटलं की लोक घराबाहेर पडतात. या दिवसांत चार माणसांनी एकत्र बसून ऐकायची पुण्याला सवयही जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. काकूंचा फळा त्याच खानदानातला, फक्त पोरा-बाळांसकट.

काकूंनी आजीचं कार्ड हातात घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तू नातू ना? पायरीवर गोट्या खेळायचास तो? आजी बऱ्या आहेत का?"

मी डोळ्यांचं सांगितलं.

"मग आता कोण वाचून दाखवतं त्यांना?"

मी गप्प.

"नाव आत्ता कमी करता येणार नाही," काकू म्हणाल्या. "रजिस्टर इथं नाहीये." रजिस्टर त्यांच्या कोपराखालीच होतं, वर मोठ्या अक्षरात 'सभासद' लिहिलेलं. तेवढं मराठी मलाही वाचता आलं! "अक्षय्य तृतीयेला ये. आणि हे बघ, येत्या शनिवारी गोष्टी वाचायला माणूस नाही. येशील?"

आता माझा प्रॉब्लेम असा की रोज क्लायंटच्या कॉलवर बसून बसून मला 'नाही' म्हणायची सवयच राहिलेली नाही. तोंडातून निघून गेलं, "शुअर, नो इश्यूज."

बावीस पोरं आणि मी

१३ एप्रिल. सतरंजीवर बावीस पोरं, मागे पाच आज्या, दोन आजोबा आणि दारात घुटमळणारे दोन बाबालोक. मुलांचं पुस्तक, मोठा टाइप, निम्मं पान चित्र. एवढ्यासाठी डोक्याला शॉट कशाला लावून घ्यायचा, म्हणून मी प्रॅक्टिससुद्धा केली नव्हती.

पहिलं पान ढकललं. दुसऱ्या पानावर राजकन्या आजारी पडली. राजवैद्य आले. मी आवाज चढवून, अगदी ड्रामॅटिक वगैरे होत वाचलं, "राजवैद्य म्हणाले, राजकन्येला दुष्ट लागली आहे!"

शांतता. मग पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची, आठेक वर्षांची चिमुरडी म्हणाली, "दादा, दुष्ट नाही... दृष्ट! मीठ-मोहऱ्या ओवाळून काढतात ती!"

खोलीत नुसता हास्याचा स्फोट. मागच्या आज्या पदर तोंडाला लावून हसतायत. मी पण हसलो, म्हणजे तसं दाखवलं. पुढच्या पानावर राजवाड्यात सोन्याचे रांजण निघाले. आकडा छापलेला: ७९. मी म्हटलं, "सेव्हंटी-नाइन रांजण."

"मराठीत सांग ना दादा!"

"एकोण... एकोण... सत्तर?"

"एकोणऐंशी!" बावीस जण एका सुरात.

कानशिलं तापली. प्रेझेंटेशनमध्ये लॅपटॉप हँग झाल्यावर होतं ना, तसं. फरक एवढाच की इथं दोष ढकलायला लॅपटॉप नव्हता. मी पुस्तक मिटून उठायच्याच बेतात होतो. तेवढ्यात ती दोन वेण्यांची उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि ओळीखाली बोट सरकवायला लागली.

"आमच्या बाई असंच करतात. घाई नको करूस," ती म्हणाली.

तिच्या बोटाच्या स्पीडनं मी उरलेली गोष्ट वाचली. राजकन्या बरी झाली. आणि सांगू का, मधेच कुणीही उठून गेलं नाही.

पोरं पांगल्यावर काकूंनी माझी समजूत वगैरे घातली नाही. म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ये. तोवर रोज दोन पानं मोठ्यांदा वाच. भिंतीला नको, ऐकणाऱ्या माणसाला." आणि कपाटातून एक जाड कादंबरी काढून चक्क आजीच्या कार्डावर माझ्या हातात दिली.

त्यांच्या टेबलामागे एका काचेच्या फ्रेममध्ये पाच ओळी आहेत. ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले पाच नियम. त्यातला दुसरा सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "तुझ्या आजी अजून वाचकच आहेत. काय समजलास?"

ओठातल्या ओठात नको

रात्री जेवणं झाल्यावर पुस्तक घेऊन आजीच्या खोलीत गेलो. "काकूंनी दिलंय. वाचू?"

आजीनं चष्मा काढून बाजूला ठेवला. "वाच."

पहिल्या पानाला दहा मिनिटं लागली. जोडाक्षर आलं की मी अडकायचो. ती सांगायची नाही, नुसती थांबायची. तीन सेकंद, पाच सेकंद... मग ते माझं मलाच सुटायचं. 'माजघर' शब्द आला. मी विचारलं, म्हणजे काय? आजीनं बोटानं हवेत तिच्या माहेरच्या घराचा नकाशाच काढला. ही ओटी, हे माजघर, इकडे देवघर, मागे परसू आणि परसात कढीलिंब. २९ वर्षांत हे घर मी पहिल्यांदा बघत होतो.

दोन पानं झाली. मी पुस्तक मिटलं. "सॉरी आजी, माझं वाचन जरा..."

"माहीत आहे मला. तिसरीत असताना धडा वाच म्हटलं की तू चित्र बघून गोष्ट रचून सांगायचास. मी हसायचे. तेव्हाच तुला धरून बसवायला हवं होतं. ते राहिलं."

"मग आई तिकडे गेल्यावर मला कधी वाच म्हणाली का नाहीस?"

ती चादरीची घडी नीट करत राहिली. "दमून येतोस रे. आणि तुला येत नाही, हे तुझ्याच तोंडून कशाला वदवून घ्यायचं?"

मला काही बोलताच येईना. वर्गणी हे नुसतं निमित्त होतं. मी अवघडू नये म्हणून आजी चाळीस वर्षांची सवय मोडायला निघाली होती. तीन महिने दुपारभर ती त्या खोलीत बसून होती आणि मला वाटत होतं, स्पीकर आणून दिला, झालं काम.

"उद्या जरा मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "ओठातल्या ओठात नको."

पन्हं, सुई-दोरा आणि चौदा पायऱ्या

दुसऱ्या आठवड्यात आजी स्वतःच म्हणाली, "मला पण ने तिकडे." रिक्षा केली. चौदा पायऱ्या ती कठडा धरून, मोजत चढली. पाहते तर काय, वाचनालयात तिच्या निम्म्या मैत्रिणी! कुणाचा मोतीबिंदू, कुणाचे हात थरथरतात, एक आजोबा काचबिंदूवाले. सगळे सहाच्या अभिवाचनाचे पक्के मेंबर. वाचणारे रोज वेगळे: कधी बँकेतले निवृत्त साहेब, कधी बारावीतली मुलगी, एकदा तर खालच्या गिरणीचे मालक, अंगावर पीठ तसंच!

मंगळवारच्या वर्गात दहावीच्या एका पोरानं आजीला मोबाइलवरची अक्षरं मोठी करायला आणि स्क्रीन काळी करून अक्षरं पांढरी करायला शिकवलं. मी कॉम्प्युटर इंजिनीअर, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं ऐकण्याजोग्या किंवा ब्रेल स्वरूपात करता यावीत म्हणून २०१३ मध्ये मराकेश करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश होता आपला भारत. तुम्हाला माहीत होतं? मला तर नव्हतं.

रविवारी मी दवाखान्यात जाऊन बसायला लागलो. तिथं गोष्टींच्या पुस्तकांची सुटलेली पानं शिवतात, कण्याला कापडी पट्टी लावतात, वरून खळ. शेजारी सहा वर्षांचा असिस्टंट खळीचा ब्रश घेऊन. माझं पहिलं ऑपरेशन केलेलं पुस्तक उघडतच नव्हतं, सगळी पानं एकमेकांना चिकटलेली!

२३ एप्रिल हा युनेस्कोनं १९९५ मध्ये ठरवलेला जागतिक पुस्तक दिन. एक पुस्तक आणा, एक न्या. मी कधी न उघडलेलं लीडरशिपचं एक गुळगुळीत पुस्तक दिलं आणि मुलांच्या गोष्टींचं एक जुनं पुस्तक घेतलं. माझ्या लीडरशिपवर एका सत्तरीच्या आजोबांनी झडप घातली. कशाला हवंय विचारलं, तर म्हणाले, "सोसायटीच्या मीटिंगला."

आणि हळदीकुंकू. आजोबा वारल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, आजी कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नव्हती. बोलावणं यायचं नाही आणि आलं तरी ती टाळायची. ३ मेला फळ्यावरची ती 'सर्व म्हणजे सर्व' ओळ मी तिला वाचून दाखवली. मोठ्यानं. तिनं ठेवणीतली नारायणपेठी काढली. गौरीपुढची आरास पुस्तकांची, पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेली. आंब्याची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांची ओटी. कुंकू लावून घेताना आजीचा चेहरा कसा होता ते मी शब्दांत लिहिणार नाही. मी पन्ह्याचा ग्लास घेऊन खिडकीकडे वळलो, एवढंच.

या सगळ्याला पैसे किती पडले? मला लागले ते रिक्षाचे. शनिवारी मॉलमध्ये दोन कॉफ्यांना याहून जास्त जातात, बॉस. तुमच्या घराजवळही एखादी गिरणी, एखादं मंगल कार्यालय असेल आणि त्याच्या वर वाचनालयाची जुनी पाटी. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त ग्रंथालयं हजारोंनी आहेत. एकदा जिना चढून बघा. फळ्यावर काही लिहिलेलं नसेल तर आत विचारा, वाचून दाखवायला कुणी हवंय का? वाचता येत नसेल तरी विचारा. मी तेच केलं.

सही इथं कर

१० मे, अक्षय्य तृतीया, शुक्रवार. ऑफिसच्या कॅलेंडरवर सहा ते आठ 'फॅमिली' म्हणून ब्लॉक केलं. त्या दिवशी अभिवाचनाला वाचायची पाळी माझी होती. तीसेक खुर्च्या भरलेल्या. दोन वेण्यांची चिमुरडी पण आलेली, तिच्या आजोबांना घेऊन. गरज पडली तर बोट आहेच, अशा तयारीनं पुढे बसलेली.

मी वाचायला लागलो. पाचव्या ओळीला आवाज खाली गेला, तर तिसऱ्या रांगेतून आलंच, "स्पष्ट! ओठातल्या ओठात नको!" सगळे हसले. मी पण हसलो, या वेळी खरोखर. एकूण दोन चुका झाल्या. एक मला कळली, एक आजीनं जागच्या जागी दुरुस्त केली.

सगळे निघाल्यावर काकूंनी रजिस्टर उघडलं. महिन्याभरानं ते अचानक सापडलं होतं!

"बोल, नाव कमी करायचं होतं ना?"

"कुणाचं?" आजीनं मागून विचारलं.

काकूंनी मान डोलावली आणि पान उलटून नवीन ओळीवर माझं नाव लिहिलं. रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "इथं सही कर. मराठीत."

मराठीत सही मी आयुष्यात कधी केली नव्हती. तिसऱ्या प्रयत्नात जमली.